गेम चालला, विलास

विलास, आज मंगळवार. सकाळी नेहमीसारखी उठले आणि बिनमिठाचा उपमा टाकला. कढई खाली उतरवली तेव्हा लक्षात आलं की तो खाणारं कोणी आता घरात येणार नाही. तुझे दाजी म्हणाले, "असू दे, मी खातो." त्यांनी खरोखर बसून सगळा खाल्ला, मीठसुद्धा मागितलं नाही. मी समोर बसले होते आणि मला त्यांचा राग येत होता, कारण ते तुझ्या खुर्चीत बसले होते.

पारोळ्याला तुझं सगळं रीतसर झालं. माणसं आली, मायजवळ बसली, चहा घेऊन गेली. जो तो एकच बोलायचा, सुटला बिचारा. मला प्रत्येकाला विचारावंसं वाटत होतं की तुम्हाला कुणी सांगितलं त्याला सुटायचं होतं म्हणून? पण मीही मान हलवली. मायसमोर भांडण नको. मनीषा तर कुणाकडे बघतच नव्हती. तुझी बायको म्हणून तिला मधोमध बसवलं होतं आणि ती सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं. ते दुसऱ्या कुणाशी पुरं करता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तुझी पिकअप सुटली त्या दिवसापासून सुरुवात करते. पारोळा, धुळे, दोंडाईचा, मिरचीच्या दिवसांत तर दिवसाआड फेरी. मूत्रपिंडं गेली असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू पहिला प्रश्न विचारलास, "गाडी चालाडता येई ना?" डॉक्टरांना आपली बोली कळली नाही, मी मराठीत विचारलं. ते म्हणाले, "बघू." मग डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी. तू आदल्या संध्याकाळी बसनं धुळ्याला माझ्याकडे यायचास, सकाळी आपण दवाखान्यात जायचो, दुपारी मी तुला रिक्षातून घरी आणायची. रिक्षात तू डोळे मिटून बसायचास. तोंडाला कोरड, पाय गळलेले. गाडी काकाच्या भटूकडे दिली गेली. आपल्या घराच्या बोळासमोरून भटू तीच गाडी घेऊन जायचा, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपायचास, असं मनीषानं मला फोनवर सांगितलं होतं.

माझ्या घरीही तू तेच करायला लागलास. भिंतीकडे तोंड. जेव म्हटलं तर जेवायचास, बस म्हटलं तर बसायचास. मला तुझी भीती वाटायला लागली होती, विलास. कपाळावर हात ठेवून पडलेला माणूस मी पाहिला आहे, पण तू नुसता भिंतीकडे बघायचास. डोळे उघडे असायचे.

मग एका शुक्रवारी तू कपाटावर बोट दाखवलंस. "अक्का, तो लॅपटॉप चालू व्हई का?"

तो मी ज्या क्लासमध्ये टायपिंग शिकवते तिथला, जुना म्हणून त्यांनी काढून टाकलेला. मी धूळ पुसून लावला. विंडोज उघडायला इतका वेळ घेई की तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. तुला त्याच्यावर ट्रकचा गेम खेळायचा होता. तुझ्या कुणा मित्रानं पेनड्राइव्हमध्ये घालून दिला होता, तुझ्या म्हणण्याप्रमाणे "एकदम खऱ्यासारखा, आरसा बी दिसस." आपण तो टाकला. लॅपटॉप तापला, पंखा घोंघावला आणि सगळं बंद पडलं. मला वाटलं, आता पुन्हा भिंत.

पण पुढच्या मंगळवारी तू ती गोष्ट दवाखान्यात शेजारच्या पलंगावरच्या युसूफचाचांना सांगितलीस. चाचा पूर्वी पॉवरलूमवर होते, त्यांचंही तुझ्यासारखंच, आठवड्यातून दोनदा. त्यांचा मुलगा मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करतो. चाचा म्हणाले, "विलासभाई, उसमें लिनक्स डालो. मेरे लड़के की दुकान में पुराने मशीन सब उसी पे चलते." तू विचारलंस, लिनक्स म्हणजे काय. चाचा म्हणाले, "वो मेरेकू क्या मालूम? लड़का बोलता है." शुक्रवारी त्यांनी मुलाकडून भरून आणलेला एक पेनड्राइव्ह उशीखालून काढून तुझ्या हातात दिला. त्या दिवशी रिक्षात तुझे डोळे उघडे होते.

मला लिनक्समधलं शून्य येत होतं. मी मुलांना वर्ड आणि एक्सेल शिकवणारी बाई. पण तुला ते सांगितलं नाही. तू समोर बसलास, मी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावला आणि आपण त्यातल्या मुलाच्या मागोमाग एक एक बटण दाबत गेलो. पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होईना. सुरू होताना कुठलं बटण दाबायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, हे आपल्याला कुठं माहीत? आपण वरची सगळी बटणं क्रमानं दाबून पाहिली. शेवटी एकदाचा निळा पडदा आला. त्यानं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? तू बोट बटणावर धरून माझ्याकडे पाहिलंस.

"पुसू?"

"पूस."

"बठ्ठं जाई बरं अक्का."

"काय शे त्याच्यात ठेवण्यासारखं?"

तू हसलास आणि दाबलंस. तुझ्या डाव्या हातात डॉक्टरांनी डायलिसिससाठी शीर जोडून दिलेली होती, त्या हातावर भार द्यायचा नाही म्हणून तू सगळं उजव्या हातानं करायचास. त्या शिरेवर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरावं तशी थरथर लागायची. ती लागते का ते रोज बघायला सांगितलं होतं. तू माझं बोट धरून तिथं ठेवायचास आणि म्हणायचास, "दख, इंजिन चालू शे."

लिनक्स बसलं. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं आणि पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. आपण वाट पाहिली. मी दोनदा बंद करून चालू केलं. तीच रेघ. तू मागे टेकलास. "याले बी मन्हासारखंच व्हयनं."

मी तुला तेव्हा केवढ्यानं ओरडले. असलं बोलायचं नाही माझ्या घरात, म्हणाले. तू म्हणालास, "बरं, नही बोलस," आणि पुढचे दोन डायलिसिस आपण त्या काळ्या पडद्यापुढं बसलो. शोधता शोधता सापडलं की ग्राफिक्सच्या कार्डाशी त्याचं जुळत नाही, सुरू होताना यादी येते तिथं एक अक्षर दाबून एक लांबलचक शब्द लिहायचा. मी मोबाइलवर वाचायची, तू एका बोटानं लिहायचास. एक अक्षर तू गाळलंस आणि आपण तासभर मशीनला शिव्या घातल्या. मग मला दिसलं. नीट लिहिलं आणि पडद्यावर डोंगराचं चित्र आलं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. लहानपणी गिरणा नदीत मी तुला पोहायला शिकवत होते तेव्हा ठेवायचास तसा.

नंतर वायफाय दिसेना. मोबाइल वायरनं जोडून त्याचं इंटरनेट मशीनला दिलं, मग वायफायचं जे हवं होतं ते उतरवलं. त्यासाठी एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करायचे असतात, ते तुला फार आवडायला लागलं. पहिल्यांदा तिनं पासवर्ड मागितला. तू दाबत होतास आणि काही उमटत नव्हतं.

"मी दाबी ऱ्हायनू, पन काहीच दिसत नही."

मी म्हटलं, कीबोर्ड गेला. तू दुसरीकडे लिहून पाहिलंस, तिथं अक्षरं येत होती. आपण लॅपटॉप उलटा करून झटकला, फडक्यानं पुसला. दाजी ऑफिसातून आले तर आपण दोघं कीबोर्डवर फुंकर मारतोय. शेवटी व्हिडिओतला मुलगा म्हणाला की पासवर्ड लिहिताना काही दिसत नसतंच, नीट लिहून एंटर मारा. तू इतका हसलास की तुला धाप लागली. मी घाबरून पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच हातात धरून उभी राहिले, कारण तुझं त्या दिवसाचं पाणी पिऊन झालेलं होतं. तू तांब्याकडे पाहिलंस. मी तो आत नेऊन ठेवला.

पाण्याचं मला कधी विसरता येणार नाही. मे महिन्यात धुळ्यात माठाजवळून जाताना तू मान दुसरीकडे वळवायचास. मी बर्फाचा छोटा खडा तुझ्या जिभेवर ठेवायची. एकदा तू म्हणालास, "अक्का, सपनमा मी गिरणेचं बठ्ठं पानी पिऊन टाकं." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत उभी राहिले.

माझा रक्तगट तुझाच. मनीषाचा जुळत नव्हता, मायला साखर आणि वय. उरले मी. मी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा तू हसण्यावारी नेलंस. दुसऱ्यांदा काढला तेव्हा उठून गच्चीवर गेलास. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, सरळ जळगावला जाऊन किडनीच्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, आधी तुमच्या तपासण्या करू, मग भावाचं रक्त घेऊन दोघांचं जुळतं का बघू, ऑपरेशन नाशिकला होईल. दाजींना सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जा." मी पहिल्या तपासण्या करून आले आणि तुला सांगितलं.

तू माझ्यावर असा कधी चिडला नव्हतास. तुझा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"तुले दोन पोरी शेतस."

"आणि तुला?"

"मले एक शे. तिले तू शेस."

"विलास, माणसं एका किडनीवर जगतात. डॉक्टरांनी सांगितलं."

"तुन्हा जीव मन्हा आंगमा घालीसन मी गाडी चालाडू? माले जमाव नही."

त्यानंतर दोन-तीन आठवडे आपण फक्त कॉम्प्युटरचं बोललो. आठवतं? जेवताना मनीषाचं नाव नाही, मायचं नाही, पोरीच्या शाळेचं नाही. "ड्रायव्हर टाकला का?" "टाकला." "मग रिस्टार्ट कर." मला ते एवढंच बोलणं पुरत होतं. निदान तू बसत होतास. दवाखान्यातसुद्धा युसूफचाचा मला बघून विचारायचे, "आज चला क्या?" आणि मग सगळा वॉर्ड विचारायला लागला. नर्स सुई टोचताना विचारायची. समोरच्या पलंगावरच्या पाटीलबाई, ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नसेल, त्या विचारायच्या, "भाऊ, तुमचा ट्रक निघाला का?" तू म्हणायचास, "गॅरेजमा शे अजून."

गेम खरंच चालत नव्हता. तो विंडोजसाठी केलेला, आणि लिनक्सवर तो चालवायला मध्ये एक दुभाष्यासारखं सॉफ्टवेअर लागतं, हे आपल्याला कळलं. ते टाकलं. गेमवर दोनदा दाबलं की एक खिडकी उघडायची आणि पापणी लवायच्या आत बंद. काय चुकलं ते सांगणारा संदेशही नाही. आपण पुसून पुन्हा टाकला. दुसरी आवृत्ती घेतली. इंटरनेटवरच्या कुठल्याशा मंचावर मी मोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहिला, एका माणसानं उत्तर दिलं की आधी पूर्ण माहिती द्या, आणि कुठली माहिती ते सांगितलं नाही.

त्याच काळात एका शुक्रवारी, रिक्षातून उतरताना, तू स्वतःहून बोललास. "अक्का, एक सांगू? हाऊ गेम चालना, तं मी रक्त देसू. येसू तुन्हा संगे जळगावले."

मी विचारलं, गेम चालला तर रक्त देशील? थट्टा करतोस का. तू म्हणालास, नाही. मी विचारलं, शपथ? तू म्हणालास, "शपथ काबरं? सांगनू ना."

तू ते कशासाठी बोललास, विलास? चालणार नाही असं धरून बोललास? की तुलाच कारण हवं होतं, ज्याला माझा जीव, तुझा जीव असं काही म्हणावं लागणार नाही? मी तेव्हा विचार केला नाही. मी त्या मशीनवर तुटून पडले. क्लासमधून आले की तेच. मला गेमचं काही पडलेलं नव्हतं, मला तो ट्रक हलायला हवा होता. जुन्या गेमला जुन्या पद्धतीच्या काही फाइली लागतात आणि आपल्या मशीनवर त्या नव्हत्याच, एवढी साधी गोष्ट कळायला मला किती दिवस गेले. त्या टाकल्या. मंगळवारी तू आलास आणि तुझ्यासमोर मी दाबलं. खिडकी उघडली आणि उघडीच राहिली.

लाल रंगाचा ट्रक, परदेशातला रस्ता, दोन्ही बाजूंना गवत. चित्र अडखळत होतं, मी पडदा लहान केला, सावल्या बंद केल्या, मग बरं चालायला लागलं. तू खुर्ची पुढे ओढलीस. पाठ ताठ झाली. तू गाडीत बसायचास तसा बसलास. पहिल्याच वळणावर समोरून येणाऱ्या गाडीला ठोकलंस, कारण तू डाव्या बाजूनं निघाला होतास आणि तिथं उजवीकडून चालवतात. "आठला बठ्ठा रस्ता उलटा शे वं अक्का." पुन्हा निघालास. दाजी, दोन्ही पोरी, आम्ही सगळे तुझ्या मागे उभे. तू वळणाआधी सवयीनं हॉर्न दाबत होतास.

मी म्हटलं, "चालला ना? मग जळगावला कधी जायचं?"

तू थांबलास. "आवाज कोठे शे?"

खरं होतं. आवाज नव्हता. इंजिन नाही, हॉर्न नाही. गाणी लावून पाहिली, तीही मुकी. तू म्हणालास, इंजिनाचा आवाज नाही ती गाडी चालली असं कुठला ड्रायव्हर म्हणेल? मी तुझ्याकडे बघत राहिले. तुझ्या चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे माझ्याकडे नव्हते. त्या क्षणी मला कळलं की तू घाबरला आहेस. ऑपरेशनला नाही. माझ्यासाठी घाबरला होतास. मी तुला तसं म्हणायला हवं होतं असं नाही, म्हटलं असतं तरी तू उडवून लावलं असतंस. पण मला कळलं होतं. हे तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

शुक्रवारी डायलिसिसहून आल्यावर तू थोडा पडलास, मग उठून स्वतःच मशीनसमोर बसलास. सेटिंगमध्ये आवाजाचं पान उघडलंस. मी चहा गाळत होते. तू हाक मारलीस. मशीन आवाज बाहेर टीव्हीकडे पाठवत होतं. आपण टीव्ही कधी जोडलाच नव्हता. तिथं दुसऱ्या ओळीत स्पीकर लिहिलेलं होतं, त्यावर दाबायचं, बस. तू म्हणालास, "इतला दिन येडं कोनले ऐकाडी ऱ्हायनं व्हतं?" आणि दाबलंस.

आवाज तूच लावलास. मी नाही. मी शंभरदा स्वतःला हे सांगते. त्याला यायचं नसतं तर तो शोधत बसला नसता. मुकाच ठेवला असता ट्रक, मला काय कळणार होतं? मग मला वाटतं, नाही, तुला फक्त इंजिनाचा आवाज ऐकायचा होता, ती अट तुझ्या डोक्यातही नव्हती. दोन्ही मला खरं वाटतं. सकाळी एक, दुपारी दुसरं.

तू अर्धा तास चालवलास. घर इंजिनाच्या आवाजानं भरलं. मग बंद केलंस आणि म्हणालास, "सोमवारले येस मी. जाऊत जळगावले." मी धुळ्याहून बस पकडायची, तू पारोळ्याच्या स्टँडवर चढायचं, असं ठरलं. शनिवारी तू गेलास. बसच्या खिडकीतून म्हणालास, "पुढली सीट धरजो."

रविवारी संध्याकाळी मनीषाचा फोन आला की तुला श्वास घेता येत नाही, भटूनं गाडी काढली आहे, धुळ्याला निघालो आहोत. मी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. स्ट्रेचर बाहेर काढून ठेवलं होतं. मुकटी गाव ओलांडेपर्यंत तू बोलत होतास, मनीषा सांगते. भटूला सांगत होतास, घाट नाही तर तिसऱ्या गिअरमध्ये कशाला चालवतोस, चौथा टाक. मग बोलणं थांबलं. तिला वाटलं, झोप लागली. तिनं तुझं डोकं खांद्यावर घेतलं आणि तसंच धरून बसली. दवाखान्याच्या दारात गाडीचं दार उघडलं तेव्हा तू पुढच्या सीटवर, तिच्या खांद्यावर, तुझ्याच गाडीत. डॉक्टर धावत आले. मी तुझ्या डाव्या हातावर बोट ठेवलं. खूप वेळ ठेवलं. कुणीतरी माझा हात काढून बाजूला नेला.

मी मनीषाला विचारलं नाही असं नाही. तेराव्यानंतर ती माळवदावर एकटी बसली होती, तेव्हा विचारलं. "सोमवारचं काही बोलला होता का?" ती म्हणाली, "माले काही सांगं नही, अक्का. शनिवारी दाढी करी त्यानी. बाकी काही नही." दाढी तू आठवड्यातून एकदा करायचासच. शनिवारीच करायचास की नाही, हे ना तिला आठवत होतं ना मला. तिला काही लपवायचं नव्हतं. तिला खरंच माहीत नाही. आणि ते माहीत असणारा एकच माणूस होता, तू.

गेल्या शुक्रवारी मी वॉर्डात गेले होते. वॉर्डात वापरायची तुझी चप्पल आणि पांघरूण तिथंच राहिलं होतं. तुझ्या पलंगावर कुणी नवीन माणूस होता, तरुण, घाबरलेला, हाताकडे बघत पडलेला. पाटीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. युसूफचाचा उठून बसायला लागले, सुया होत्या म्हणून नर्सनं दाबून ठेवलं. ते म्हणाले, "बेटी, चला था क्या?"

मी म्हटलं, "चला था, चाचा. आवाज भी आया."

ते म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह." मग डोळ्यांवर हात ठेवला आणि मशीन संपेपर्यंत काढला नाही. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. चाचांना अजून आठवड्यातून दोनदा तिथं यायचं आहे. त्यांनी तुला पेनड्राइव्ह दिला नसता तर तुझे शेवटचे महिने भिंतीकडे बघण्यात गेले असते. मी त्यांची उपकृत आहे. त्यांना तसं नीट सांगताही आलं नाही.

तुझ्यामुळे मला काळ्या पडद्याची भीती उरली नाही. हे लिहितानाही मला कळतं की हे फार थोडं आहे. पोरी म्हणतात, आई आता सगळं दुरुस्त करते. मी काहीच दुरुस्त केलं नाही, विलास. एक गेम चालू केला. लोक म्हणतात, निदान तो शेवटी हसला. हसलास, मी पाहिलं. ते माझ्याजवळ आहे. पण मला हसरा भाऊ नको होता. मला चिडका, तहानलेला, भिंतीकडे तोंड करून झोपणारा, पण असलेला भाऊ हवा होता. आणि माझं म्हणणं अजूनही तेच आहे. तू ते घ्यायला हवं होतंस. पहिल्याच वेळी, मी विचारलं तेव्हा. मी दिलं असतं आणि आपण दोघंही एका एका किडनीवर जगलो असतो, भांडत. तुला काय वाटतं ते मला माहीत आहे, तू पोरींचं नाव काढशील. काढ. पण उत्तर दे.

काल दुपारी क्लासमध्ये होते, तेव्हा जळगावहून फोन आला. डॉक्टरांकडची मुलगी. आवाजावरून लहान वाटत होती, आनंदानं बोलत होती. "ताई, तुमचे राहिलेले रिपोर्टपण आले. सगळं छान आहे. सर म्हणाले, तुमच्या दोन्ही किडन्या उत्तम आहेत, तुमच्याकडून काही अडचण नाही. आता भावाला घेऊन या, त्यांचं रक्त घेऊ. कधी आणताय?"

वर्गात मुलं टाइप करत होती. मला तिला सांगायचं होतं. मी उठून वर्गाच्या दाराशी गेले. ती म्हणाली, "हॅलो, ताई? ऐकू येतंय ना? कधी आणताय त्यांना?"

मी म्हटलं, "आणते."